टोमॅटो ड्रायरचं अनुदान : अडकलेली फाईल कशी सुटली

आमचं दीड एकर, नारायणगावजवळ. टोमॅटोचा भाव पडला की क्रेट भरायची मजुरीपण सुटत नाही, म्हणून थेट पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये भाजी द्यायला लागलो, पण उरलेला माल मऊ पडून सडायचा तेव्हा जीव तुटायचा. मग पीएमएफएमई म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून ड्रायर (टोमॅटो वाळवायचं यंत्र) आणि पॅकिंग मशीनसाठी अर्ज केला, त्यात प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त 10 लाख. हे अनुदान बँकेच्या कर्जासोबत मिळतं, पण बँकेतून फाईल दोनदा परत आली आणि कारण कोणी नीट सांगेना. शेवटी जिल्हा संसाधन व्यक्तीकडे, म्हणजे या योजनेच्या अर्जाला मदत करायला नेमलेल्या माणसाकडे गेलो (अर्जदाराला त्यांची फी नसते, एजंटला पैसे देऊ नका प्लीज), त्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं, जागेची किंमत खर्चात धरली होती, ती चालतच नाही. ती काढली, शेड भाड्याने दाखवली, कोटेशन नवीन घेतलं, खर्च 6 लाखांवर आला, म्हणजे अनुदान 2 लाख 10 हजार, आणि खर्चाचे किमान 10 टक्के स्वतःचे घालावेच लागतात. तिसऱ्यांदा मंजूर! फक्त एक लक्षात ठेवा, अनुदान हातात येत नाही, बँकेतच राहतं, हप्ते नीट भरले तर 3 वर्षांनी कर्जातून वजा होतं. आता भाजीच्या पिशवीसोबत टोमॅटो पावडरची पाकिटं जातात, ताई लोक आधीच सांगून ठेवतात.