इसेन्शियल ऑइल वापरताय? या चुका टाळा

खिडकीत दोन वर्षं पडून असलेली टी ट्री ऑइलची बाटली मी उघडली, कापूस बुडवला आणि हनुवटीवरच्या पुटकुळीवर तसाच दाबून धरला. सकाळी तिथे बोटाच्या पेराएवढा लालभडक चट्टा उठला होता. तेल पातळ केलं नव्हतं, ही एक चूक. दुसरी बहुधा जास्त नडली: हवा आणि ऊन लागून वनस्पतींपासून काढलेली ही तीव्र वासाची तेलं ऑक्सिडाइझ होतात, म्हणजे ऑक्सिजनने बिघडतात, मग त्वचेला ॲलर्जी येण्याचा धोका वाढतो. वास उग्र झाला किंवा तेल दाटलं, तर बाटली टाकून द्या. नवी बाटली झाकण घट्ट लावून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा.

अंगाला लावायचं प्रमाण १ ते २ टक्के, म्हणजे ३० मिली बदाम तेलात साधारण ६ ते १२ थेंब. आंघोळीच्या पाण्यात नुसते थेंब टाकू नका. ते विरघळत नाहीत, तवंग होऊन अंगाला चिकटतात. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचं तेल लावून उन्हात गेलात, तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात.

मला खरी धास्ती वाटते ती तेल पोटात जाण्याची. विंटरग्रीनच्या एका चमचाभर, म्हणजे ५ मिली तेलात ॲस्पिरिनच्या वीसेक गोळ्यांइतकं सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्याच जातीचं रसायन) असतं. निलगिरीचं किंवा कापराचं तेल थोडंसं गिळलं तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात. असं झालं तर उलटी काढायला लावू नका, तेल फुफ्फुसात उतरू शकतं. बाटली हातात घेऊन तडक डॉक्टरांकडे जा.

उपयोग आहेतच. आतड्यात विरघळणाऱ्या पेपरमिंट कॅप्सूलने आयबीएसच्या (आतड्याच्या एका विकाराच्या) कळा कमी होतात, पण ते मोजून बनवलेलं औषध आहे. डिफ्यूझरच्या (खोलीत वास पसरवणाऱ्या उपकरणाच्या) बाटलीतले थेंब त्याला पर्याय नाहीत. ५ टक्क्यांच्या टी ट्री जेलने मुरुमं हळूहळू कमी होतात. लॅव्हेंडरच्या वासाने अनेकांना शांत वाटतं. झोपेच्या तक्रारीवर मात्र त्याच्याच भरवशावर राहू नये.

लेबलवरच्या ‘थेराप्यूटिक ग्रेड’ला भुलू नका, ही श्रेणी कुठलंही सरकार देत नाही. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेच्या नियमांत अंगाला सुगंध यावा म्हणून विकलेलं तेल सौंदर्यप्रसाधन ठरतं, त्याला आधी मंजुरी लागत नाही. तेच तेल आजार बरा करतं असा दावा केला की औषधाचे नियम लागू होतात. युरोपात त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत लिनालूल, लिमोनीन हे ॲलर्जी आणू शकणारे सुगंधी घटक ०.००१ टक्क्यांहून जास्त असतील तर लेबलवर नावानिशी छापावे लागतात. ती नावं वाचा.

घरात मांजर असेल तर डिफ्यूझर बंद खोलीत लावू नका. तिच्या यकृताला या तेलांतले बरेच घटक नीट पचवता येत नाहीत.