सेकिरोमध्ये अडकलात? आधी मागे पळणं थांबवा

‘सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस’ हा तलवारबाजीचा व्हिडिओ गेम अर्ध्यावर सोडून देणारे बरेच जण आशिनाच्या किल्ल्यावर, गेनिचिरो या बॉसपाशी, म्हणजे टप्प्यावरच्या बलाढ्य शत्रूपाशी, थांबतात. मीही तिथे चार संध्याकाळी अडकलो होतो. बोटं मंद नव्हती, सवय चुकीची होती. शत्रूने तलवार उगारली की मागे उडी, मग एक वार, पुन्हा मागे उडी. हा खेळ बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीच्या आधीच्या खेळांत हे चालून जायचं. 2019 च्या या खेळात तेच अंगाशी येतं.

कारण इथे खरी लढाई रक्ताच्या पट्टीवर नाही, पोश्चरच्या, म्हणजे तोलाच्या, पट्टीवर आहे. ती भरली की शत्रूचा तोल जातो आणि एका घावात तो संपतो; बहुतेक बॉसना मात्र असे एकाहून जास्त घाव लागतात. तुम्ही लांब गेलात की त्याला श्वास मिळतो आणि भरत आलेली पट्टी उतरते. म्हणजे दोन मिनिटांची मेहनत तुम्हीच पुसून टाकता. शत्रू जखमी असेल तर त्याचं पोश्चर हळू उतरतं, म्हणून सुरुवातीला थोडं रक्त काढा आणि मग त्याला चिकटून राहा.

दुसरी चूक डिफ्लेक्टची, म्हणजे शत्रूचा घाव ऐन वेळी तलवारीने परतवण्याची. घाबरून एल-वन (प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरचं ब्लॉकचं बटण) धडाधड दाबत राहिलं तर अचूक डिफ्लेक्टची वेळ आणखी आखडते. प्रत्येक घावाला एकदाच, घाव लागायच्या क्षणी दाबा. नारिंगी ठिणगी आणि खणखणीत आवाज आला की जमलं. डोळ्यांपेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवा; प्रत्येकाच्या वारांना ठरलेला ताल असतो. तुमची स्वतःची पट्टी भरत आली असेल तर क्षणभर बाजूला होऊन ब्लॉक धरून ठेवा, ती लवकर उतरते. एवढ्यापुरतं मागे सरणं मला मान्य आहे.

लाल जपानी अक्षर चमकलं की सगळ्याच हल्ल्यांना एकच उत्तर देऊ नका. तलवार भोसकायला येत असेल तर डॉजचं (चुकवण्याचं) बटण शत्रूच्या दिशेने दाबा. हा मिकिरी काउंटर सुरुवातीलाच विकत घ्या. याच्याइतकं उपयोगी कौशल्य खेळात दुसरं नाही. पायांवर आडवा वार आला तर उडी मारा आणि हवेतच पुन्हा उडी दाबून त्याच्या डोक्यावर पाय द्या. पकडायला धावला तरच बाजूला पळा.

गेनिचिरोच्या शेवटच्या टप्प्यातली वीज जमिनीवर उभं राहून अडवू नका. उडी मारा, वीज हवेत अंगावर घ्या आणि पाय टेकायच्या आत वार करा. वीज त्याच्यावरच उलटते.

नायकाच्या कृत्रिम हातातली हत्यारं राखून ठेवणंही महागात पडतं. ग्योबू या घोडेस्वार बॉसचा घोडा फटाक्यांना बुजतो, साखळदंडातला राक्षस आगीला घाबरतो.

मेल्यावर बहुतेक वेळा अर्धे सेन (खेळातले पैसे) आणि पुढच्या कौशल्यासाठी साठत असलेला अर्धा अनुभव जातो. म्हणून बॉसकडे जाण्याआधी नाण्यांच्या थैल्या विकत घेऊन ठेवा.

सगळं बरोबर करूनही डिफ्लेक्ट उशिराच लागतोय? टीव्हीचा गेम मोड बंद असेल. तो चालू केल्यावर फरक लगेच हाताला कळतो.

आणि पडक्या देवळाबाहेर उभ्या असलेल्या हानबेईला विसरू नका. त्याला मरण येत नाही, म्हणून तो सरावासाठी स्वतःचं शरीर देतो. किल्ल्यावर परत चढण्याआधी दहा मिनिटं त्याच्यासमोर फक्त डिफ्लेक्ट करा, एकही वार न करता.