शीतपेयाची तारीख उलटल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

गणपतीत पाहुण्यांसाठी आणलेली दोन लिटरची बाटली दिवाळीच्या साफसफाईत फडताळाच्या तळाशी सापडते आणि घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ओतून टाका; दुसरा म्हणतो, त्यात ॲसिडच आहे, त्याला काय होणार? बाटलीत नेमके कोणते पेय आहे, हे मात्र दोघांपैकी कोणीच पाहत नाही, आणि पहिली चूक इथेच होते.

कोलासारख्या पेयाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; कमी आकडा म्हणजे जास्त आम्ल) साधारण 2.5 असतो, शिवाय त्यात कार्बन डायऑक्साइड असतो आणि बहुतेक वेळा परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) ही, त्यामुळे रोगजंतूंना तिथे वाढायला फारसा वाव मिळत नाही. अशी सीलबंद बाटली तारखेनंतर थोड्याच दिवसांनी प्यायल्यास आजारी पडण्याची शक्यता कमी असते. बिघडते ती प्रामुख्याने चव, कारण प्लॅस्टिकच्या भिंतीतून वायू हळूहळू निसटत राहतो आणि लहान बाटलीतून तो लवकर जातो. आंब्याच्या किंवा इतर फळांच्या गराच्या पेयाला हा हिशेब लावू नये. तिथे यीस्टचा शिरकाव झाला की साखर आंबू लागते आणि डबा फुगतो.

म्हणूनच एकच खूण दोन ठिकाणी उलट अर्थाने वाचावी लागते. सोड्याची न उघडलेली बाटली दाबल्यावर टणक लागली तर वायू शाबूत आहे, आणि मऊ लागली तर तो गेला आहे. फळाच्या पेयाचा डबा मात्र टणक होऊन फुगला असेल, तर चाखून खात्री करून घेण्याच्या भरीस न पडता तो सरळ टाकून द्यावा. गळणाऱ्या किंवा गंज चढलेल्या कॅनलाही हाच न्याय लावावा.

दुसरी चूक तारखेचे शब्द न वाचण्याची. अमेरिकेत बाळाच्या फॉर्म्युल्याखेरीज इतर अन्नपदार्थांवर अशी तारीख छापण्याची केंद्रीय सक्ती नाही, त्यामुळे तिथला ‘महिनाभराने प्यायले तरी चालते’ हा सल्ला दर्जाच्या तारखेला धरून असतो. आपल्याकडे 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ छापणे बंधनकारक आहे आणि ती तारीख उलटलेला माल विकता येत नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही केवळ दर्जाची तारीख असते. ही अक्षरे बाटलीच्या मानेवर बारीक ठिपक्यांत छापलेली असतात आणि फ्रीजमधल्या दवाने ओली झाली की दिसत नाहीत. बोटाने पुसून उजेडात धरावी लागतात.

माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित चूक म्हणजे उन्हाकडे काणाडोळा करणे. दुकानाबाहेर एप्रिलच्या उन्हात दिवसभर तापलेल्या क्रेटमधली बाटली तारखेच्या आत असूनही बिघडलेली असू शकते. डाएट पेयातले ॲस्पार्टेम उष्णतेने विघटित होऊन गोडवा उतरतो. घटकांच्या यादीत 211 म्हणजे सोडियम बेंझोएट आणि 300 म्हणजे क जीवनसत्त्व, असे दोन्ही आकडे असतील, तर उष्णता आणि प्रकाशामुळे अत्यल्प प्रमाणात बेंझिन तयार होऊ शकते. घोटभर प्यायल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण अशी बाटली गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत साठवूही नये.

झाकण उघडल्यावर छापील तारखेचा संबंध संपतो. तोंड लावून प्यायलेली बाटली त्याच दिवशी संपवावी, पेल्यात ओतून प्यायलेली दोन-तीन दिवसांत, तीही फ्रीजमध्येच.

दुकानदाराने ‘दहा रुपये कमी द्या’ म्हणून तारीख उलटलेली बाटली पुढे केली, तर सवलतीला भुलू नये. आधीच घेऊन झाली असेल, तर बाटली न फेकता तारखेचा आणि बॅच क्रमांकाचा फोटो काढावा, पावती जपावी आणि बदलून मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.