आमदाराची कुंडली मांडायला बसणाऱ्यांसाठी

निवडणुकीचा हंगाम आला की वर्तमानपत्रं, वाहिन्या, सर्वेक्षणवाले आणि पक्षांच्या वॉर रूम या सगळ्यांना एकाच वेळी माहिती जमवणारी पोरं-पोरी हवी होतात. काम सांगताना अगदी सोपं करून सांगतात. अमुक आमदारांची कारकीर्द काढ, आजवरच्या निवडणुका, मतं, मताधिक्य, पक्ष. दोन पानं, उद्या सकाळपर्यंत. मानधनाचा विषय निघालाच तर 'तुला अनुभव मिळतोय ना' असं उत्तर येतं. मी या कामात सोलापूर जिल्ह्यातून शिरले आणि पहिल्या हंगामात माझी पुरती दमछाक झाली. आता या कामावर थोडंफार पोट चालतं, तरी कोरा तक्ता समोर आला की अजूनही पोटात गोळा येतो. म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मतदारसंघ म्हणजे काय, अनामत कधी जप्त होते, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

सरावाला एकच आमदार घ्या आणि तो मुळापासून करा. मी प्रत्येकाला सांगोला सुचवते. गणपतराव देशमुख, लोकांचे 'आबा', शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), एकच मतदारसंघ, अकरा वेळा आमदार. सांगोल्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असलेली गोष्ट. वाटतं, यात काय अवघड आहे? बसा आणि मांडा.

निवडणूक आयोग प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतर सांख्यिकी अहवाल काढतो. १९६२ पासूनचे सगळे अहवाल उतरवून घेतले, सांगोल्याचं पान काढलं आणि रकाने भरत गेलं की असं चित्र दिसतं: १९६२ विजय, १९६७ विजय, १९७२ पराभव, मग १९७८, १९८०, १९८५, १९९० ओळीने विजय, १९९५ पराभव, १९९९, २००४, २००९, २०१४ पुन्हा विजय. आता विजय मोजा. दहा भरतात, अकरा नाही.

माझा तक्ता या दहावर अडला होता. अहवाल सरकारी, बेरीज बरोबर आणि अख्खा महाराष्ट्र म्हणतोय अकरा. माझे तेव्हाचे एक वरिष्ठ, ज्यांना स्वतःला 'चालताबोलता संदर्भग्रंथ' म्हणवून घ्यायला आवडायचं, ते म्हणाले, 'लोक वाढवून सांगतात, दहाच लिही.' गाठ सुटली ती सांगोल्याच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात. पक्षाचे एक जुने कार्यकर्ते बशीत चहा ओतत म्हणाले, 'दुष्काळाच्या सालाला आबा पडलं, आन् दोन वर्सांनी पोटनिवडणुकीत परत आलं की.' १९७२ साली सांगोल्यातून काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले होते. विधानसभेची मुदत संपायच्या आतच तिथे १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि गणपतराव परत सभागृहात गेले. अकरावा विजय हा. म्हणजे बारा सार्वत्रिक निवडणुका आणि एक पोटनिवडणूक, तेरा लढती, अकरा विजय, दोन पराभव.

हे जरा जास्तच उगाळणार आहे, रागावू नका. सांख्यिकी अहवाल हा त्या एका सार्वत्रिक निवडणुकीचा हिशोब असतो. त्यानंतर पाच वर्षांत कोण वारलं, कोणी राजीनामा दिला, कोणाची निवड कोर्टात रद्द झाली, तिथून मग कोण आलं, यातलं काहीही त्यात नसतं. पोटनिवडणुकीची अधिसूचना वेगळी, निकाल वेगळा, नोंदही वेगळ्या जागी. तुम्ही नुसते अहवाल एकाखाली एक लावले, तर मधून आलेला माणूस गायबच होतो. आणि तो गायब झालाय हे तक्ता सांगत नाही, कारण रकाने सगळे भरलेलेच दिसतात. रिकामा रकाना असता तर निदान संशय तरी आला असता.

शेजारचाच पंढरपूर-मंगळवेढा घ्या. २०१९ ला भारत भालके निवडून आले, २०२० च्या नोव्हेंबरात त्यांचं निधन झालं, एप्रिल २०२१ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि भाजपचे समाधान आवताडे जिंकले. २०२४ लाही आवताडेच. अहवालांवर विसंबलात तर आवताडे २०१९ चे पराभूत आणि २०२४ चे 'पहिल्यांदाच आमदार' ठरतात. तासगाव-कवठेमहांकाळला तेच. आर. आर. पाटलांच्या निधनानंतर २०१५ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुमनताई आल्या, २०१९ ला पुन्हा आल्या. २०१४ आणि २०१९ एवढंच पाहणाऱ्याला त्यांची एकच टर्म दिसते.

म्हणून दोन सार्वत्रिक निवडणुकांच्या मध्ये कोरी ओळ सोडायची आणि तिथे काही घडलं का हे मुद्दाम शोधायचं. काही घडलं नसेल तर 'पोटनिवडणूक नाही' असं त्या ओळीत लिहायचं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जागा रिकामी झाल्यावर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची, हे बंधन लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली आलं. त्याआधीच्या काळात जागा किती दिवस रिकामी राहिली असेल याचा अंदाज बांधू नका, तारीख शोधा. विधिमंडळाकडून सदस्यांच्या परिचयाची पुस्तिका निघते, तिच्यात 'विधानसभा सदस्य' या नोंदीपुढे सगळी वर्षं एकत्र असतात. मी आता सुरुवातच तिथून करते आणि अहवाल पडताळणीला घेते.

वर्षांची वजाबाकी हा दुसरा उद्योग. गणपतराव १९६२ ते २०१९, म्हणजे सत्तावन्न वर्षं आमदार, असं बिनधास्त लिहिलेलं दिसतं. १९७२ ते ७४ आणि १९९५ ते ९९ ही मधली वर्षं कुठे गेली? उलट बाजूने टर्म गुणिले पाच करणारेही भेटतात. आणीबाणीमुळे १९७२ ची विधानसभा १९७८ पर्यंत चालली. १९७८ ची १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झाली. १९९५ ची मुदतीआधी संपली, कारण १९९९ च्या सप्टेंबरात लोकसभेबरोबरच मतदान उरकलं. गुणाकार कुठेच जुळत नाही. तारखा लिहा, वर्षं ज्याची त्याला मोजू द्या.

आणि 'विक्रम' हा शब्द दिसला की हात आखडता घ्या. एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून आलेले देशातले आमदार, असं गणपतरावांबद्दल सर्रास छापून येतं. केरळातल्या पालाहून के. एम. माणी तेरा वेळा आणि पुथुपल्लीहून ओमन चंडी बारा वेळा निवडून आलेत. महाराष्ट्रापुरतं बोला, तेवढंही पुष्कळ मोठं आहे. हे सांगितल्यावर एका संपादकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी आबांचा अपमान केला. अकरा वेळा निवडून आलेल्या, एसटीने फिरणाऱ्या माणसाला खोट्या विशेषणाची काय गरज?

पक्षाच्या रकान्यात त्या दिवशीचा पक्ष लिहायचा, आजचा नाही. शहाजीबापू पाटलांनी १९९५ ला गणपतरावांना हरवलं ते काँग्रेसकडून, अवघ्या १९२ मतांनी. २०१९ ला ते जिंकले शिवसेनेकडून, गणपतरावांचे नातू डॉ. अनिकेत देशमुखांविरुद्ध, ७६८ मतांनी. या २०१९ च्या ओळीत 'शिंदे गट' लिहिणारे मी पाहिलेत. तेव्हा शिंदे गट कुठे होता? आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिलं फेब्रुवारी २०२३ मध्ये. २०२४ ला मात्र दोन्ही शिवसेना सांगोल्यात समोरासमोर होत्या आणि निवडून आले शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख. हेही गणपतरावांचे नातू, पण अनिकेत वेगळे आणि बाबासाहेब वेगळे. घाईत दोघांची एकच ओळ होते. भारत भालकेंचं तर तीन निवडणुका, तीन पक्ष असं आहे: २००९ स्वाभिमानी, २०१४ काँग्रेस, २०१९ राष्ट्रवादी. जुन्या काळात गेलात तर १९७८ ला इंदिरा काँग्रेस वेगळी आणि रेड्डी काँग्रेस वेगळी, १९८५ ला पवारांची समाजवादी काँग्रेस वेगळी. सगळ्यांना 'काँग्रेस' लिहून मोकळं होणं म्हणजे काम न करणं.

मतदारसंघाच्या नावावरही विसंबू नका. २००८ च्या पुनर्रचनेनंतर २००९ ला बऱ्याच ठिकाणी हद्दी बदलल्या. जयंत पाटील वाळव्याचे आमदार होते, २००९ पासून इस्लामपूरचे. त्यांनी मतदारसंघ बदलला असं लिहिलंत तर सांगलीकर हसतील, वाळवा हा मतदारसंघच उरला नव्हता. माळशिरस राखीव झाला म्हणून विजयसिंह मोहिते-पाटील पंढरपुरात उभे राहिले आणि भालकेंकडून पडले. नाव तेच राहिलं तरी आतली गावं बदललेली असू शकतात, म्हणून २००४ आणि २००९ च्या मताधिक्याची तुलना करायची तर आधी गावांची यादी बघायची. छगन भुजबळांसारखी कारकीर्द असेल तर माझगाव, मधली विधान परिषद, मग येवला असे तीन वेगळे भाग पाडा. परिषदेची वर्षं विधानसभेच्या विजयांत मिसळली की सगळा हिशोब नासतो.

उमेदवारांच्या मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्रांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र विधानसभेला ती २००४ पासून सापडतात, त्याआधीची मालमत्ता विचारू नका. आकडा वाढला की लगेच 'संपत्ती तिप्पट' असा मथळा देऊ नका; वडिलोपार्जित जमिनीचा बाजारभाव वाढला की काहीच न घेता आकडा फुगतो. पण प्रतिज्ञापत्र म्हणजे नुसती औपचारिकता, असंही समजू नका. किसन कथोरेंची २००४ ची अंबरनाथची निवड मालमत्तेची माहिती दडवल्याच्या कारणावरून उच्च न्यायालयाने रद्द ठरवली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. तोवर ती विधानसभा कधीच संपली होती आणि ते मुरबाडचे आमदार होते. मग २००४ चा विजय मोजायचा का? मी मोजते आणि शेजारी निकालाची नोंद करते. तुम्ही वेगळं कराल, पण काय केलंत ते तक्त्याखाली लिहा.

गुरूंबद्दल माझं मत कडू आहे. 'मला सगळं पाठ आहे' म्हणणारा गुरू पहिल्याच आठवड्यात ओळखा आणि त्याच्याकडून फक्त ओळखीपाळखी घ्या, आकडे नकोत. पाठ असलेला आकडा कधी तपासला जात नाही. त्यापेक्षा तालुक्याचा जुना वार्ताहर बरा. त्याला मतं आठवत नाहीत, पण कोणत्या साली कोणाचं कोणाशी बिनसलं आणि कुठल्या गावाने ऐन वेळी हात वर केले हे आठवतं, आणि कागदात ते कुठे शोधायचं याचा माग तिथूनच लागतो. इंटरनेटवरचा तयार तक्ता आधी डोळ्यांखालून घालायला हरकत नाही, मीही घालते. तो उतरवून घेऊन मात्र देऊ नका. एकाची चूक दहा जणांनी उतरवली की ती अकराव्याला पुरावा वाटते.

घाबरू नका, हात बसतो. दोन-चार मतदारसंघ मनापासून केलेत की नजरेला सवय होते, मग १९७८ आणि १९८० जवळजवळ दिसले की दचकायला होत नाही. मात्र निकालाच्या दिवसांत शिकायला येऊ नका. तेव्हा कोणाला वेळ नसतो, आणि चूक तुमच्या नावावर मांडायला सगळे मोकळे असतात. अधिवेशनाच्या काळात या. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना यांत आमदाराचं नाव कुठे कुठे येतं ते बघा. निवडणुकांचा तक्ता करणारे ढिगाने आहेत, पण निवडून गेल्यावर तो माणूस सभागृहात काय बोलला हे काढून देणारे फार थोडे, आणि त्या कामाचे पैसेही जरा बरे मिळतात.

तक्ता पुरा झाल्यावर आमदारांच्या पीएकडे पडताळणीला पाठवायचा की नाही, यावर वाद आहेत. मी पाठवते, पण फक्त तारखा आणि पदं. मतांचे आकडे आणि प्रतिज्ञापत्राचा भाग तिकडे जात नाही. परत येताना 'लोकनेते' वगैरे दोन-चार विशेषणं चिकटून येतात, ती काढून टाका. पराभवाची ओळ गाळून आलेली असेल, तर ती जिथल्या तिथे परत घाला.