मुलाखत घेणाऱ्याला लिहायला काहीतरी द्या

मुलाखतीची तयारी म्हटलं की नवखी मंडळी आधी कपड्यांच्या आणि ‘स्वतःबद्दल सांगा’च्या पाठ केलेल्या उत्तराच्या मागे लागतात. मी गेली काही वर्षं भरतीच्या पॅनेलवर बसते. टेबलापलीकडे काय चालतं ते कळलं, तर तयारी कशाची करायची हे आपोआप कळेल, म्हणून आधी तेच सांगते.

आमच्यासमोर एक फॉर्म असतो. कामाची समज, अडचण सोडवण्याची पद्धत, बोलण्यातली स्पष्टता, टीममध्ये वागणं असे चार-पाच रकाने, प्रत्येकाला गुण आणि गुणांशेजारी ‘कारण’ लिहायला जागा. ‘मुलगा हुशार वाटला’ एवढं लिहून भागत नाही. तो काय बोलला म्हणून हुशार वाटला, ते लिहावं लागतं. सगळीकडे इतकी शिस्त असेलच असं नाही, पण सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न आणि तेच निकष लावायची पद्धत उगाच आलेली नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला होता. उमेदवार पुढे काम कसं करेल याचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा अशा आखीव मुलाखतीतून चांगला येतो, असं त्यात दिसलं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ती आकडेमोड पुन्हा तपासली. आकडे खाली आले, पण उमेदवार निवडण्याच्या पद्धतींच्या यादीत आखीव मुलाखत तेव्हाही सगळ्यात वर राहिली.

म्हणजे तुम्ही खोलीतून बाहेर पडल्यावर आमच्या हातात उरतं ते तुमचं बोलणं, तेही आम्ही टिपून घेतलं असेल तेवढंच. ‘मी मेहनती आहे’, ‘मला टीममध्ये काम करायला आवडतं’ ही वाक्यं टिपण्याजोगी नसतात, कारण ती प्रत्येक जण म्हणतो.

एक मुलगी आली होती, शिक्षण नुकतंच संपलेलं. प्रोजेक्टबद्दल विचारल्यावर म्हणाली, “आम्ही ग्रंथालयासाठी अ‍ॅप बनवलं. खूप शिकायला मिळालं.” माझं पेन हललं नाही. शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, “त्यात तुमच्या वाट्याला काय होतं?” ती क्षणभर थांबली आणि मग बोलायला लागली. पुस्तक कपाटात असूनही अ‍ॅपवर ‘बाहेर गेलं आहे’ असं का दिसतं, हे तिला कळेना. म्हणून ती ग्रंथपालांशेजारी जाऊन बसली. परत आलेली पुस्तकं ते दिवसभर वहीत लिहायचे आणि संध्याकाळी एकदम कॉम्प्युटरवर चढवायचे, कारण प्रत्येक पुस्तकासाठी चार स्क्रीन उघडाव्या लागत. तिने परतीची नोंद एका बटणावर आणली. वही बंद झाली, तक्रारीही थांबल्या. माझं अर्धं पान भरलं. वापरणाऱ्याजवळ जाऊन पाहिलं, मूळ कारण शोधलं, साधा उपाय केला: तीन रकान्यांचा मजकूर एका प्रसंगातून मिळाला. पण तो आम्हाला खोदून काढावा लागला. सहकाऱ्याने तो प्रश्न विचारला नसता, तर ही चांगली मुलगी मागे पडली असती, आणि असं होताना पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून घरून निघण्यापूर्वी हे काम करा. जाहिरात समोर ठेवा, त्यात काय काय मागितलंय त्याखाली रेघ मारा आणि प्रत्येक रेघेसमोर आपल्या आयुष्यातला एक खराखुरा प्रसंग लिहा. अनुभव नाही असं म्हणू नका. प्रोजेक्ट, स्नेहसंमेलन, शिकवण्या, सुट्टीतलं काम, यातलं काहीही चालतं. पाच-सहा प्रसंग पुरतात, एकच प्रसंग दोन-तीन प्रश्नांना कामी येतो. सांगताना परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती आणि परिणाम हा क्रम ठेवा. बहुतेक जण परिस्थिती सांगण्यातच दमतात. ती दोन वाक्यांत उरका आणि वेळ कृतीला द्या. ‘मी मी’ करणं बरं दिसत नाही म्हणून सगळं ‘आम्ही’त घालू नका. टीमचं श्रेय टीमला द्या, पण तुमचा वाटा वेगळा काढून दाखवा. प्रसंग रचून सांगायच्या फंदात तर अजिबात पडू नका. ‘मग काय झालं?’, ‘दुसरा पर्याय का नाही घेतला?’ असे दोन उपप्रश्न आले की रचलेली गोष्ट उभी राहत नाही.

मग ते मोठ्याने बोला आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. मनात झकास जमलेलं उत्तर तोंडातून येताना किती लांबतं, ते तेव्हाच कळतं. दीड-दोन मिनिटं पुरेत. वाक्यं मात्र पाठ करू नका, मुद्दे लक्षात ठेवा. पाठ केलेलं उत्तर मध्येच कोणी तोडलं की धागा सापडत नाही.

कपडे नीटनेटके आणि अंगाला सवयीचे असावेत, वेळेच्या थोडं आधी पोहोचावं, यापलीकडे त्यात काही नाही. ऑनलाइन असेल तर आवाज आदल्या दिवशी तपासा आणि उजेड चेहऱ्यावर येईल असं बसा.

एखादं उत्तर येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही’ असं सरळ म्हणा आणि ते कसं शोधाल ते सांगा. तेही आम्ही टिपतो. विचाराला थोडा वेळ मागितला तर कोणी गुण कापत नाही.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं विचारतात, तेव्हा ‘नाही’ म्हणून उठू नका. माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: “पहिल्या तीन महिन्यांत या जागेवरच्या माणसाकडून काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?” उत्तर नीट ऐका, कारण जाहिरातीत नसलेलं खरं काम तिथे कळतं, आणि कधी कधी हे काम आपल्यासाठी नाही हेही. निकाल कधीपर्यंत कळेल तेही तिथेच विचारून घ्या. ती तारीख उलटून दोन-तीन दिवस झाले, तर एक छोटा, नम्र मेल पाठवायला काहीच हरकत नाही.