नुसता पाला देणारा मोगरा
कोथरूडच्या आमच्या गॅलरीतला मोगरा तीन वर्षं पानांनी गच्च, पण कळी औषधालाही नाही. मी आपली दर पंधरा दिवसांनी चिमूट चिमूट युरिया घालतेय. तिथेच चुकत होतं. युरियातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पालाच माजतो. जानेवारीअखेर कुंडी गच्चीवर नेली, सहा तास ऊन लागेल अशी. आठवडाभर पाणी तोडलं, मग निम्म्यावर छाटला, उरलेली पानंही खुडली. (सासूबाई म्हणाल्या, "मारलंस ना झाड!") कुंडीतून काढला तर मुळांची नुसती चुंबळ! कडेची मुळं कापून शेणखताच्या मातीत पुन्हा लावला. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीवर. मार्चअखेरीस फुटव्यांच्या टोकाला तीन-तीन कळ्या, हिरवट, तांदळाएवढ्या. पहिला गजरा अर्थातच सासूबाईंना.