अवकाशातून हवा मोजणारं उपकरण : उड्डाणाआधीची तयारी

आधी एक प्रश्न मिटवा. कोणता वायू मोजायचा, किती लहान भागावर आणि दिवसातून किती वेळा? कक्षा या उत्तरावर ठरते. युरोपचा सेंटिनेल-५पी उपग्रह सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून रोज जवळजवळ सगळी पृथ्वी पाहतो, पण कुठल्याही गावावरून जातो तो दुपारी दीडच्या सुमारास. सकाळच्या गर्दीचा धूर त्याला दिसत नाही. तो टिपायचा असेल तर ३५,७८६ किलोमीटरवरची भूस्थिर कक्षा घ्यावी लागते, म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरत एकाच प्रदेशावर थांबणारी. कोरियाचं जेम्स (२०२०) आणि अमेरिकेचं टेम्पो (२०२३) ही उपकरणं तिथूनच दिवसाउजेडी तासातासाने आपापल्या प्रदेशावर नजर फिरवतात.

मग तरंगलांबी. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ४०५ ते ४६५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा पट्टा, सल्फर डायऑक्साइड आणि फॉर्मल्डिहाइडसाठी अतिनील. पृथ्वीवरून परतून येणाऱ्या सूर्यप्रकाशात नायट्रोजन डायऑक्साइडने शोषल्यामुळे पडणारी घट बहुतेक ठिकाणी एक टक्क्याहूनही कमी असते. पुढची सगळी मेहनत ही घट ओळखता यावी म्हणून.

स्वच्छतेला पहिल्या दिवसापासून धरा. बोटाचा तेलकट ठसा, सिलिकॉनची वाफ, वायरच्या आवरणातून सुटणारे रेणू हे सगळं आरशावर जाऊन बसतं आणि सूर्याच्या अतिनील किरणांनी तिथेच पक्कं होतं. वर जाऊन पुसणारं कुणी नाही. म्हणून प्रत्येक गोंद आणि रंग निर्वातात किती वाफ सोडतो ते तपासा, सुटे भाग जोडण्याआधी निर्वातात तापवून घ्या, आरशांजवळ नमुन्याच्या काचा ठेवून त्यांवर काय साचतंय ते ठरावीक दिवसांनी पाहा. आत कोरडा नायट्रोजन खेळता ठेवा.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणाचे आकडे माहीत असलेल्या प्रकाशाशी जुळवून घेणं. वेळापत्रक घसरलं की पहिली कात्री याच दिवसांवर पडते. ती पडू देऊ नका. सेंटिनेल-५पीवरच्या ट्रोपोमी या उपकरणाचं कॅलिब्रेशन बेल्जियममधल्या लिएज इथे निर्वात कक्षात, प्रत्यक्ष कामाच्या तापमानाला झालं. साध्या खोलीत घेतलेले आकडे पुरत नाहीत, कारण गारव्याने धातू आकसतो आणि वर्णपट प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरवर किंचित सरकतो. एकाच रंगाचा लेझर सोडून ती रेषा उपकरणात किती पसरते ते पिक्सेलगणिक नोंदवा. भरकटलेला प्रकाश मोजा: शेजारच्या लख्ख ढगाचा उजेड काळ्या जमिनीच्या पिक्सेलमध्ये झिरपला तर तिथे नसलेला वायू दिसेल, असलेला लपेल. प्रकाशाच्या ध्रुवीकरणाने उत्तर किती बदलतं तेही लिहून ठेवा. सूर्याकडे पाहण्यासाठी डिफ्यूझर, म्हणजे ऊन एकसारखं पसरवणारे पृष्ठभाग, दोन घ्या. एक रोजच्या वापराचा, दुसरा क्वचितच उघडायचा. रोजचा उन्हाने किती मंदावला ते दुसऱ्यावरून कळतं.

कंपन चाचणी सगळ्यांच्या लक्षात असते. तिच्या आधी आणि नंतर तेच मोजमाप पुन्हा घेऊन आरसे जागचे हलले नाहीत ना, हे पाहायचं मात्र राहून जातं. बाहेरच्या उष्णतारोधक आवरणाची प्रत्येक कड हाताने तपासा. २००४ मध्ये वर गेलेल्या ओएमआय या अशाच उपकरणाच्या दृष्टिक्षेत्राचा काही भाग २००७ पासून झाकला गेला, आणि असं सैल झालेलं आवरणच आडवं आलं असावं असं मानलं जातं.

उड्डाण लांबेल हेही धरून चाला. टेम्पो २०१८ मध्ये बांधून तयार होतं, वर गेलं ते एप्रिल २०२३ मध्ये. एवढ्या काळात माणसं दुसऱ्या कामांवर जातात. चाचणी कुणी, कोणत्या जोडणीने, कोणत्या तापमानाला घेतली ते डोक्यात न ठेवता वहीत ठेवा.

जमिनीवरची बाजूही याच काळात उभी करा. वरच्या आकड्यांशी ताडून पाहण्यासाठी सूर्याकडे रोखलेले पँडोरा वर्णपटमापक शहरात आणि स्वच्छ हवेच्या ठिकाणी, दोन्हीकडे लागतील. वर्णपटावरून वायूचं प्रमाण काढणाऱ्या संगणकप्रणालीला कृत्रिम माहिती पाजून ढग, बर्फ, समुद्रावरची चकाकी अशा अवघड जागी ती काय करते ते बघून घ्या.

उड्डाणानंतरचा क्रमही आधीच लिहा. वर पोचल्यावर झाकण लगेच उघडू नका. उपकरण उबदार ठेवून उरलेली ओल आणि वाफ निघून जाऊ द्या, नाहीतर ती गार डिटेक्टरवर जमेल. त्यानंतर डिटेक्टर गार करा आणि अंधारातली नोंद घ्या. मग झाकण उघडून डिफ्यूझरवरून सूर्य पाहा आणि त्याच्या वर्णपटातल्या काळ्या फ्राउनहोफर रेषा निर्वात कक्षातल्या नोंदींनी सांगितलेल्या पिक्सेलवरच पडतात का, ते एकेक करून तपासा.